वाचकांचे प्रश्न : जाड पोटऱ्या, ठणकणारं डोकं आणि लुळे पाय

या खेपेची बहुतेक पत्रं तालुक्याच्या डॉक्टरसमोर क्वचितच येणाऱ्या, मेंदू, नसा आणि स्नायूंच्या आजारांबद्दल आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत. औषधांचे डोस दिले आहेत ते हातातली चिठ्ठी समजावी म्हणून. त्यावरून कुणी स्वतः गोळी सुरू करू नये.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चालता चालता पडतो, शाळेच्या पायऱ्या चढत नाही, पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या. तापात रक्त तपासलं तर एसजीपीटी ३१० निघालं. चार महिने लिव्हरचं औषध आणि बिनतेलाचं जेवण चाललं, काविळीची माळही घातली, आकडा उतरत नाही. माझा भाऊ असाच होता. अकराव्या वर्षी बसला तो बसला, सतराव्या वर्षी गेला. सासरचे म्हणतात, हे तुमच्याकडचं. धाकट्या बहिणीचं लग्न जुळत आहे. तिला सांगायचं का?
— एक आई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी ती माळ काढा आणि पोराचं नेहमीचं वरण-भात-भाजी सुरू करा. एसजीपीटी आणि एसजीओटी हे घटक लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंतही असतात. स्नायू झिजायला लागले की ते रक्तात उतरतात आणि कागदावर लिव्हर बिघडल्यासारखं दिसतं. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन नॉर्मल, जीजीटी नॉर्मल आणि तरी हे दोन आकडे महिनोन्‌महिने चढलेले असतील, तर पुढची तपासणी लिव्हरची नाही, स्नायूंची, सीपीके नावाची आहे. साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमधूनही होते. निरोगी मुलात सीपीके साधारण दोनशेच्या आत असतं. तुम्ही जे वर्णन केलं आहे त्या आजारात ते दहा-वीस हजारांवर जातं. मांडीत इंजेक्शन घेतल्यावर किंवा खूप धावपळीनंतरही सीपीके वाढतं, पण ते शेकड्यांत, फार तर हजारभर.

आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असण्याची दाट शक्यता आहे. घरी एक गोष्ट बघा. त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात न देता उठायला सांगा. असं मूल आधी पालथं होतं, हात-पाय टेकून कंबर वर उचलतं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. याचा मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या गर्दीत पोरगं घाबरून उठतच नाही, आणि हा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरला दहा कागदांपेक्षा जास्त सांगतो.

सीपीके वाढलेलं निघालं की जनुकाची तपासणी. डिस्ट्रोफिन हा माणसातल्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांचा. दहापैकी सहा-सात मुलांत त्यातले एक किंवा अधिक तुकडे गळालेले असतात, काहींत दुप्पट झालेले असतात. हे दोन्ही एमएलपीए या तपासणीत दिसतं. तीत काही सापडलं नाही तर आजार नाही असं समजू नका. मग पूर्ण जनुक वाचण्याची तपासणी लागते. पूर्वी स्नायूचा तुकडा काढत, आता त्याची वेळ क्वचितच येते. नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे सगळे जुने कागद घेऊन जा. भावाचे काही कागद ट्रंकेत असतील तर तेही.

स्टिरॉइडच्या औषधाने आजार जात नाही, पण चालण्याची वर्षं वाढतात. प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे रोज ०.७५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकॉर्ट ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला साधारण १५ किंवा १८ मिलिग्रॅम, सकाळी जेवणानंतर. सुरू करण्याआधी राहिलेल्या लसी, विशेषतः गोवर आणि कांजिण्यांच्या, पूर्ण करून घ्या, कारण स्टिरॉइडवर जिवंत लसी देता येत नाहीत. नंतर भूक वाढते, गाल फुगतात, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू येऊ शकतो. म्हणून व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, वर्षातून एकदा डोळे. आणि सगळ्यात मोठी चूक ही होते की पावसात रस्ता बंद, गोळ्या संपल्या, आठ दिवस खंड. काही आठवडे स्टिरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची सवय मोडलेली असते. एकदम बंद केलं की उलट्या, ग्लानी, रक्तदाब कोसळणं. घरात नेहमी पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ‘हा रोज स्टिरॉइडवर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

टाचा वर उचलून चालणं हे घोट्यामागची शीर आखडल्याचं लक्षण. रोज दोनदा त्याला चटईवर उताणं झोपवा, गुडघा सरळ. टाच तुमच्या तळहातात धरा, त्याचा तळपाय तुमच्या हाताच्या पुढच्या भागाला टेकवा, टाच आपल्याकडे ओढत पाऊल वर ढकला. वीस मोजेपर्यंत धरा, सोडा. प्रत्येक पायाला दहा-पंधरा वेळा. झटका देऊ नका, रडेपर्यंत ताणू नका. जिने उतरायला लावणं, उठाबशा, ‘व्यायामाने पाय मजबूत होतील’ म्हणून दमवणं, हे सगळं बंद. भार पेलत असताना स्नायू लांबतो अशा हालचालींनीच हे स्नायू जास्त फाटतात. खेळू द्या, दमला की बसू द्या.

दोन धोके चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या दप्तरात ठेवा. एक, भूल देताना सक्सिनिलकोलीन, ज्याला ऑपरेशनच्या खोलीत स्कोलिन म्हणतात, आणि हुंगवायची भूल द्यायची नाही. यात स्नायू फुटून पोटॅशियम रक्तात जातं आणि हृदय टेबलावरच थांबू शकतं. हर्नियासारख्या साध्या ऑपरेशनलाही हे लागू. दुसरं, पाय मोडला तर सहा आठवडे प्लास्टर घालून झोपवायचं नाही, नाहीतर बहुधा तो पुन्हा उभा राहणार नाही. रॉड घालून लवकर उभं करता येईल का, हे हाडांच्या डॉक्टरला विचारा. हृदयाचा इको आत्ता एकदा आणि मग दरवर्षी करा. लक्षणं नसतानाही स्नायूबरोबर हृदय दमत असतं.

आता सासरच्या बोलण्याबद्दल. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र येतं, एक्स आईकडूनच येतं, आणि हा जनुक एक्सवर आहे. भाऊ आणि मुलगा दोघांना आजार, म्हणजे तो तुमच्याकडून आला हे खरं. पण डोळ्यांचा रंग जसा येतो तसा तो आला, त्यात कुणाचा दोष, कुणाचं पाप नाही. साधारण तीनपैकी एका मुलात तर तो कुणाकडूनच येत नाही, नव्याने घडतो. तुमच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक, म्हणजे सदोष जनुक पुढे नेणारी, होण्याची निम्मी. तुमचा स्वतःचाही हृदयाचा इको दर तीन-पाच वर्षांनी करा. वाहक बाईच्या हृदयावरही कधी परिणाम होतो.

बहिणीला नक्की सांगा, आणि लग्नाआधी सांगा. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तिचं सीपीके नॉर्मल आलं म्हणून ती सुटली असं होत नाही, बऱ्याच वाहक बायांचं ते नॉर्मलच असतं. आधी मुलाच्या जनुकातली नेमकी चूक सापडू द्या, मग तीच चूक तिच्या रक्तात शोधतात. क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि उत्तर अर्धवट मिळतं. वाहक निघाली तरी लग्न मोडायचं कारण नाही. गर्भारपणात अकरा ते तेरा आठवड्यांदरम्यान वारेचा अंश किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन तपासता येतं. ‘गर्भाची तपासणी म्हणजे जेल’ असं खेड्यात पक्कं बसलं आहे. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगणं गुन्हा आहे, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला त्याच कायद्यात परवानगी आहे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आत्ताच काढा, पोरगं चालत आहे तोवर. ‘स्टेम सेल’ने बरा करतो म्हणणारे लाखो रुपये मागतील. या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. वावर विकू नका.

प्रश्न : बायको बाळंत होऊन बारावा दिवस होता. चार दिवस डोकं ठणकत होतं, सकाळी जास्त, उलट्या. एका दवाखान्यात सीटी स्कॅन झाला, नॉर्मल म्हणाले. घरचे म्हणाले बाहेरचं आहे. मग झटका आला आणि उजवा हात पडला. शहरात एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये ‘रक्तस्राव’ लिहिलं आहे आणि तरी रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं दिली. आता हात परत आला, घरी गोळ्या चालू आहेत. हे बरोबर झालं का? बाळाला पाजायचं का?
— एक पती, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, बरोबर झालं. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूकडे रक्त नेणारी नळी तुंबते. इथे रक्त परत घेऊन जाणारी शीर तुंबली. वावरातून पाणी काढणारी नाली गाळाने बंद झाली की पाणी वावरातच साचतं आणि शेवटी धुरा (बांध) फुटतो. रिपोर्टमधला रक्तस्राव म्हणजे तो फुटलेला धुरा. त्यावर माती लोटत बसून उपयोग नाही, नाली मोकळी व्हायला हवी. म्हणून रक्तस्राव दिसत असतानाही हेपरिन देतात. हेपरिन गाठ विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर करतं. बहुतेक ठिकाणी पोटाच्या कातडीत, किलोमागे एक मिलिग्रॅम, दर बारा तासांनी एनॉक्सापॅरिन हा हेपरिनचाच प्रकार देतात.

सीटी नॉर्मल आला यातही नवल नाही. साध्या सीटीत या आजाराचे बरेच रुग्ण नॉर्मल दिसतात. शिरा पाहायच्या तर ‘एमआरआय विथ एमआरव्ही’ किंवा शिरांची सीटी व्हेनोग्राफी लागते, आणि चिठ्ठीवर ‘व्ही’ नसेल तर लॅबवाला शिरा काढत नाही. बाळंतिणीचं डोकं दुखतं तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा : झोपल्यावर बरं वाटतं की वाढतं? सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीने दुखणारं डोकं उठून बसलं की दुखतं आणि आडवं झालं की उतरतं. शिरेच्या गाठीत बहुधा उलट, आडवं झाल्यावर, पहाटे, खोकल्यावर जास्त, आणि दिवसागणिक चढतं. त्यात उलटी, एकाचं दोन दिसणं किंवा झटका आला तर सहा आठवड्यांच्या आतल्या कोणत्याही बाळंतिणीला त्याच दिवशी १०८ ने हलवावं. झटका आला म्हणजे रक्तदाबाचाच असं गृहीत धरू नये. रक्तदाब मोजावा, आणि नॉर्मल असेल तर शिरेचा विचार आधी करावा.

हे का होतं? बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून निसर्ग शेवटच्या महिन्यांपासून रक्त घट्ट करून ठेवतो, ते दीड महिना तसंच राहतं. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी मोजून देतात, दारं-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी. घामाने अंगातलं पाणी जातं, वरून मिळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारायलाच नको. शेक घ्यायचा तर घ्या, पण पाणी तहान लागेल तितकं आणि त्यावर दोन पेले जास्त.

कारणं शोधताना हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२ आणि होमोसिस्टीन बघून घ्या. आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत सिकलसेल बरंच आहे, तेही तपासा. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या महागड्या तपासण्या मात्र आत्ता करू नका. ताज्या गाठीत, बाळंतपणाच्या सुमारास आणि या गोळ्यांवर ते आकडे खोटेच कमी येतात. गोळ्या संपल्यावर विचारा.

गोळी वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल असेल तर बाळाला निर्धास्त पाजू द्या, दुधातून ती बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. रिव्हारॉक्सॅबान किंवा डॅबिगॅट्रानसारखी नवी गोळी लिहिली असेल तर ‘अंगावर पाजते’ हे डॉक्टरला सांगून बदलून घ्या. मुदत साधारण तीन ते बारा महिने, डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये हवा. सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याला, स्थिर झाला की महिन्याला. तालुक्याच्या लॅबमध्ये होतो. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

पालेभाजी बंद करा असं कुणीतरी सांगितलंच असेल. बंद करू नका, बदलू नका. आठवड्यात जितकी मेथी-पालक खाता तितकीच खा. आयएनआर बिघडतो तो पावसाळ्यात तरोटा निघाला की रोज तरोट्याची भाजी, आणि मग महिनाभर नावालाही नाही, अशाने. त्याहून जास्त बिघडतो तो औषधांनी. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, अंगदुखीची डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल पुरे. आणि गावातल्या डॉक्टरला कमरेत इंजेक्शन देऊ देऊ नका. या गोळ्यांवर तिथे मुठीएवढी रक्ताची गाठ साचते. हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शी, पाळीत अति रक्त किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना.

झटक्याची गोळी वेगळी चालू असेल, ती डॉक्टरने सांगेपर्यंत तशीच. तोवर विहिरीवर आणि चुलीपाशी एकटीने नाही. पुढे गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिला कायमच्या वर्ज्य, कॉपर टी चालते. दुसरं मूल हवं असेल तर होऊ शकतं, फक्त गर्भ राहिल्याचं कळताच सांगायचं. वॉरफरिन गर्भाला घातक आहे, त्या काळात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे पोटातली इंजेक्शनंच. या आजारातून दहापैकी सुमारे आठ माणसं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरी होतात.

प्रश्न : महालक्ष्म्या बसतात, पाळी येईल म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणते. यानेही गाठ होते का?
— एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : होऊ शकते, बहुतेकींना होत नाही. ही गोळी नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. ती इस्ट्रोजेन नाही असं सांगतात, पण तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्त घट्ट करतो. त्यात तीजेला निर्जळी हरतालिका, पाठोपाठ महालक्ष्म्या, रात्रंदिवस चुलीपुढे उभं राहणं. गोळी, निर्जळी आणि घाम तिन्ही एका आठवड्यात येतात, धोका तिथे आहे. आधी कुठेही गाठ झालेली, नुकती बाळंतीण, सिकलसेल, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चकाकी येणारी, घरात कुणाला गाठीचा आजार असलेली, यांनी ही गोळी घेऊच नये. बाकीच्यांनी डॉक्टरला विचारून, पाच-सात दिवसांपुरती, आणि त्या वर्षी उपास पाणी पिऊन. देवी रागावत नाही. गोळी चालू असताना नवीन, न थांबणारं डोकं दुखलं तर ‘दगदग झाली’ म्हणू नका.

प्रश्न : वय २४, ट्रॅक्टर चालवतो. दिवसभर नांगरणी, रात्री लग्नाची पंगत, बुंदी दाबून खाल्ली. पहाटे जाग आली तर हातपाय हलेनात. बोलता येत होतं. सलाइन लावलं तर अजून लुळा पडलो, संध्याकाळी आपोआप ठीक. तिसऱ्यांदा झालं. वडिलांनाही तरुणपणी होत असे.
— ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : ते सलाइन बहुधा ग्लुकोजचं असावं. हा आनुवंशिक स्नायूदोष आहे, पोटॅशियम कमी होऊन येणारा नियतकालिक पक्षाघात. गोड-भाताचं जड जेवण झालं की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं, आणि सदोष स्नायू थंड पडतो. कष्टानंतर एकदम झोपलं की तेच. ग्लुकोजची बाटली म्हणजे पुन्हा पंगत वाढणं.

पुढच्या वेळी लुळेपणाचा झटका असतानाच रक्त तपासायला द्या. एरवी पोटॅशियम नॉर्मल येतं आणि डॉक्टरला वाटतं पोरगं सोंग करतं. नॉर्मल ३.५ ते ५, झटक्यात ते ३ च्या खाली जातं. सोबत ईसीजी हवाच, कारण पोटॅशियम हृदयाची लयही बिघडवतं. आणि एकदा थायरॉइड तपासा. तरुण पुरुषात वाढलेला थायरॉइड हेच सगळं करतो, आणि तो पूर्ण बरा होतो.

उपाय तोंडाने पोटॅशियम क्लोराइडचं सिरप. आपल्याकडच्या बाटलीत १५ मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, पेलाभर पाण्यात, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. केळं खाऊन भागत नाही, एका केळ्यात त्याच्या निम्मं आणि वर साखर. किडनीचा त्रास असेल तर सिरपला हात लावू नये. रात्री पोटभर गोड नको, नांगरणी झाल्यावर थोडं चालून मग आडवं व्हायचं, मीठ बेताचं. वारंवार होत असेल तर अ‍ॅसिटाझोलामाइडची रोजची गोळी असते. तुमच्या प्रत्येक मुलात हा येण्याची शक्यता निम्मी.

एक भेद मात्र आवर्जून. पहाटे लुळं पडलेल्या माणसाच्या पापण्या झुकल्या असतील, गिळता येत नसेल, पोटात दुखत असेल आणि तो खाली जमिनीवर झोपला असेल, तर पोटॅशियमचा विचार नंतर, आधी मण्यार. तिचा दंश दुखत नाही, खूणही सापडत नाही. तुमच्या आजारात पापण्या आणि चेहरा शाबूत राहतात.

प्रश्न : धानाच्या बांधीत लाखोळी होते, ती खाल्ल्याने पाय जातात का? आजोबांच्या भावाचे गेले होते. आनुवंशिक आहे का?
— ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : आनुवंशिक नाही. लाखोळीत, म्हणजे लाखेच्या डाळीत, ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. दुष्काळात, जेव्हा तीच भाकर आणि तेच वरण होतं आणि दोन-तीन महिने पोटात दुसरं काही नसतं, तेव्हा पाय ताठरतात, माणूस चवड्यावर कात्रीसारखे पाय टाकत चालतो. एकदा झालं की पाय पूर्वीसारखे होत नाहीत, पण दुखणं वाढतही नाही. मिसळीच्या जेवणात कधीमधी वरण खाल्लं तर असं होत नाही. तरी डाळ गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवून ते पाणी फेकावं, शिजवतानाचं पहिलं पाणीही फेकावं. द्रव्य पाण्यात उतरतं. बियाण्याला रतन, प्रतीक किंवा महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण घ्या, आणि घरचं जुनं बी त्यात मिसळू नका.